दारातलं पाणी

आमच्या घरासमोर चिंचेखाली एक जुनी गाडी उभी असते. २००८ सालची, चार दारांची, डिझेलवर चालणारी. २०१६ मध्ये मी ती चंद्रपुरातून एक लाख दहा हजाराला आणली. त्या वर्षी धान बरा झाला होता, घरच्या बाईचे गुडघे गेले होते आणि एसटीची पायरी तिला चढवत नव्हती. गाडीच्या चारही काचा बटनावर वर-खाली व्हायच्या. विकणाऱ्यानं ते बटन तीनदा दाबून दाखवलं आणि मी इंजिन न बघताच सौदा केला, असं घरची अजून म्हणते. गावात आणल्यावर पहिले आठ दिवस पोट्टे नुसतं बटन दाबायला यायचे.

त्याच काचेपायी आणि बॅटरीपायी माझ्या हातून एक गोष्ट झाली, ती इथं लिहितो. गोष्ट एका पोराची आहे. त्याचं नाव लिहीत नाही. एकदा त्याला न विचारता चाळीस माणसांपुढं त्याचं नाव घेतलं होतं, तेवढं पुरे.

आमचं गाव सावली तालुक्यात, जंगलाला लागून. धानाचा मुलूख. रोवणा सुरू झाला की घरात म्हातारे आणि तान्ही लेकरं राहतात, बाकी सारं गाव बांधीत, गुडघाभर चिखलात. माझी साडेपाच एकर आहे. शाळा दहावीपर्यंत. विजेचं ज्ञान म्हणाल तर शेतातल्या पंपापुरतं. फ्यूज उडाला तर तार बांधता येते, मोटार घुं-घुं करून थांबली तर कंडेन्सर गेला हे कळते. त्याच्यापुढं काही नाही.

तो पोरगा आमच्याकडं रोजीनं यायचा. बाप लहानपणीच वारला, माय दुसऱ्यांच्या बांधीत रोवण्याला जाते. बारावीत एका विषयात अडकला आणि शाळा सुटली. पण हात चांगला. आधी ट्रॅक्टर शिकला, मग माझी गाडी. मला रात्रीचं कमी दिसायला लागलं आणि पावसाळ्यात मी दिवसभर बांधीत, म्हणून जून लागला की चावी त्याच्याकडं. खताची चुंगडी आणायची, घरचीला दवाखान्यात न्यायचं, कोणाची डिलिव्हरी अडली तर सावलीला पोचवायचं. गावात तेव्हा तीन गाड्या होत्या. एक सरपंचाची, एक ठेकेदाराची आणि ही. त्या दोघांच्या दाराची कडी रात्री दोन वाजता वाजवायची तर माणूस दहादा विचार करतो. माझ्या दाराची कडी कोणीही वाजवायचा. मला त्याचा जरा अभिमानही होता, खोटं कशाला सांगू.

पहिल्यांदा बॅटरी उतरली ती २०२० च्या पावसाळ्यात. सकाळी चावी फिरवली तर सेल्फ घेईना, नुसता कट-कट आवाज. तो पोरगा स्वतःहून समोर आला.

"काकाजी, आतला दिवा राहिला जी रातभर. माझ्याच हातानं राहिला."

मी काही बोललो नाही. धक्का मारून गाडी सुरू केली. तेव्हा मनात आलं, पोरगा खरा आहे, दुसरा असता तर बॅटरीवर ढकलून मोकळा झाला असता. पुढं त्याचं हेच खरं बोलणं मी त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं.

२०२१ चा उन्हाळाभर गाडी ठीक चालली. पाऊस लागला आणि पुन्हा तेच सुरू. गाडी दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या दिवशी सेल्फ मेलेला. बॅटरीचे टर्मिनल गरम पाण्यानं धुतले, वर पेट्रोलियम जेली लावली, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर टाकलं. दोन दिवस बरं, मग पुन्हा कट-कट. मी पोराला विचारलं. तो म्हणे, "नाही जी काकाजी, सारं बंद करून ठेवतो." मी म्हटलं, रेडिओ लावत असशील. मोबाईल चार्जिंगला लावून ठेवत असशील. तो म्हणे, नाही जी.

मी मनात हिशेब मांडला. उन्हाळ्यात गाडी मी चालवतो, बॅटरी उतरत नाही. पावसाळ्यात पोरगा चालवतो, बॅटरी उतरते. हिशेब सरळ होता. दहावीला गणितात मला बरे मार्क होते.

त्याच जुलैत त्यानं मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. "काकाजी, डायवरच्या दारात पानी वाजते जी. वळणावर खळखळ आयकू येते. काच बी दम टाकत चढते."

मी वाफ्यात उभा होतो, परे उपटायचे चालले होते, डोक्यावर पाऊस. म्हटलं, "दारात पानी? दार का बोडी आहे?" सोबतच्या बाया हसल्या. तोही हसला आणि गेला.

मग तो ऑगस्ट आला. तीन दिवसांची झड लागली होती. गाडी रविवारपासून उभी. वीज गेलेली, मोबाईलचा टॉवर बंद, त्यामुळं १०८ ला फोन लागायचा प्रश्नच नव्हता. रात्री दीडच्या सुमारास शेजारची कडी वाजली. त्यांची सून जमिनीवर झोपली होती. पोटात दुखते म्हणून उठली, मग म्हणाली डोळे उघडत नाहीत. कंदिलाच्या उजेडात तिच्या अंथरुणाजवळ मण्यार सापडला. मण्यार चावल्यावर फारसं दुखत नाही, सूजही येत नाही. झोपेतला माणूस कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो. मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळते, शेवटी श्वास. आमच्याकडं पावसाळ्यात हे दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या घरी होतेच.

तिला खाटेवर घालून गाडीपर्यंत आणणाऱ्यांत तो पोरगा पुढं होता. त्यानं चावी फिरवली. कट-कट-कट.

त्यानं दाराची काच खाली करून ओरडून सांगितलं की ढकला. अंगणात चिखल, चाकं जागची हलेनात. सिमेंट रस्त्यापर्यंत गाडी न्यायलाच पंधरा-वीस मिनिटं गेली. अर्धं गाव गोळा झालं. पहिला धक्का वाया, दुसरा वाया. आत ती बाई मान टाकून बसलेली, तिची सासू रडते, वरून पाऊस. आणि मी सगळ्यांसमोर, मोठ्यानं, त्याचं नाव घेऊन म्हटलं, "यानंच लाईट सुरू ठेवला असंल. हजार वेळा सांगतलो याले."

तो काही बोलला नाही. स्टिअरिंग धरून समोर बघत राहिला. तिसऱ्या धक्क्यात इंजिन लागलं.

आता काच वर चढेना. बटन दाबलं तरी काही नाही. मागच्या सीटवर मी त्या बाईचं डोकं मांडीवर घेऊन बसलो, बाजूला तिचा नवरा. पोरगा उघड्या काचेतून येणारा पाऊस अंगावर घेत गाडी चालवत होता. जंगलाच्या पट्ट्यात आमच्याकडं संध्याकाळनंतर कोणी काच उघडी ठेवत नाही. त्या भागात वाघानं माणसं नेली आहेत. त्यानं एकदाही गाडी हळू केली नाही. आधी तालुक्याच्या दवाखान्यात सर्पदंशाचं औषध सुरू केलं, तिथून वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली. दोन दिवस ती बाई श्वासाच्या मशीनवर होती. वाचली.

डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर सांगता आलं नसतं. ते वाक्य गावात पोचलं. माझं वाक्य आधीच पोचलेलं होतं. दोन्ही वाक्यं जोडायला गावाला वेळ लागत नाही. त्या घरच्यांनी पोराशी बोलणं सोडलं. पाणवठ्यावर त्याच्या मायला कोणी तरी म्हणालं की तुझ्या पोराच्या रेडिओपायी एक बाई मेली असती. तो भिजत गाडी हाकत गेला होता, हे मात्र कोणी सांगेना. ते बघणारे दोघंच होते. एक बाईचा नवरा, त्याला तेव्हा बायकोशिवाय काही दिसत नव्हतं. आणि दुसरा मी.

दिवाळीनंतर तो आमच्याकडं यायचा थांबला. जानेवारीत इकडचे मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात, त्यांच्यासोबत खम्ममकडं गेला. बाकीचे एप्रिल-मेमध्ये परतले. तो तिकडंच कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर राहिला.

२०२२ चा जुलै आठवत असेल. विदर्भात पाऊस थांबतच नव्हता, नद्या-नाले गावात शिरले. त्या वर्षी गाडी मीच चालवत होतो, तीही दिवसा, गरजेपुरती. रात्री स्वतः जाऊन दिवे बघायचो, रेडिओ बघायचो, चावी उशाखाली. तिसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली.

कट-कट.

मी गाडीत तसाच बसून राहिलो. बराच वेळ. घरची दारातून म्हणाली, "आता कोनाचं नाव घेता?" तिनं ते टोचायला म्हटलं नव्हतं, सहज म्हटलं. तेच जास्त लागलं.

धक्का मारून गाडी मूलला नेली. तिथं एक वायरिंगवाला आहे, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्यानं आधी इंजिन सुरू ठेवून बॅटरीला मीटर लावला. चौदाच्या आसपास व्होल्ट. म्हणाला, अल्टरनेटर चार्जिंग करते, तिकडचा दोष नाही. मग गाडी बंद केली, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि ती वायर नि बॅटरी यांच्या मध्ये मीटर जोडला. म्हणजे गाडी जो काही करंट पिईल तो मीटरातून जाईल. दारं लावली, लॉक केली आणि म्हणाला, "चहा घेऊन या. गाडी बंद केली तरी लगेच झोपत नाही. वीस मिनिटं द्या तिले."

चहा घेऊन आलो. मीटरवर ०.६२.

त्यानं मला मुलाला समजवावं तसं समजावलं. घड्याळ, लॉकचं रिमोट, रेडिओची आठवण, एवढ्यासाठी गाडी झोपेतही थोडा करंट पिते. तो ०.०५ अँपिअरच्या आत पाहिजे. इथं त्याच्या बारापट जाते. "दिवसाचे चोवीस तास धरा. पंधराएक झाले. तुमची बॅटरी नवी होती तेव्हा पन्नासची. आता अर्धी धरा. दोन दिवसांत काय राहते?"

मग एकेक फ्यूज काढत गेला. हेडलाईटचा काढला, काटा तसाच. हॉर्नचा, तसाच. रेडिओचा काढला तेव्हा मी श्वास धरला होता, हे कबूल करतो. मनात कुठं तरी वाटत होतं की रेडिओच निघावा. आकडा हलला नाही. काचांचा फ्यूज काढला आणि मीटर ०.०३ वर आला.

"काच," तो म्हणाला.

त्यानं आतला दिवा लावला आणि ड्रायव्हरच्या काचेचं बटन दाबायला सांगितलं. म्हणाला, दिव्याकडं बघा. बटन दाबल्यावर दिवा जरा मंद झाला तर करंट मोटारीपर्यंत पोचतो, काच खाचेत अडकली किंवा मोटार जाम आहे असं समजायचं. खाचेतलं रबर पुसून सिलिकॉनचा फवारा मारला तरी पुष्कळदा काम होते. दिवा तसाच राहिला तर करंट पोचतच नाही, मग बटन, वायर नाही तर मधला डबा. दिवा तसाच राहिला.

दाराचं आतलं कव्हर खोललं. पत्र्याला चिकटवलेला प्लास्टिकचा कागद फाटलेला, आत ओल. कंट्रोलचा छोटा डबा खालच्या बाजूला होता, उघडला तर सर्किट हिरवं झालेलं. त्यातला रिले अर्धवट चिकटलेला, गाडी बंद केली तरी तो डबा जागाच राहायचा. कोरडा असला की ठीक, ओला झाला की करंट प्यायला लागायचा. म्हणून उन्हाळ्यात काही नाही आणि पावसाळ्यात रोज.

माझ्या हिशेबात पोरगा आणि मी अशा दोनच रकमा होत्या. पाऊस मांडायचा राहून गेला होता.

"दारात पानी येते कुठून?" मी विचारलं.

तो म्हणाला, सगळ्याच गाड्यांच्या दारात पाणी जाते. काचेच्या बाजूनं बिडिंग असते, तरी थोडं उतरतेच. म्हणून कंपनी दाराच्या खालच्या काठाला भोकं ठेवते, पाणी निघून जाते. त्यानं खाली वाकून बघितलं, स्क्रू-ड्रायव्हर घातला. एम-सीलचा तुकडा निघाला आणि भसकन पाणी त्याच्या पायावर. तीन-चार लोटे तरी असेल.

"हे कोनं बुजवलं?"

ते मी बुजवलं होतं. २०२० च्या मे महिन्यात. लॉकडाऊन होतं, काम नव्हतं, गाडी धुताना दाराखाली भोकं दिसली. म्हटलं, इथून धूळ जाते, मुंग्या जातात, उंदीर वायर खातील. धानाच्या घरात उंदराचं भय फार. चारही दारांची भोकं नीट बुजवली, वरून बोट फिरवून सारखी केली. पंचेचाळीस वर्षं बांधीत काम केलेला माणूस. बांधीला पाणी काढायची वाट ठेवली नाही तर धुरा फुटतो, मामा तलावाला सांडवा नसला तर पाळ जाते, हे मला कोणी शिकवावं लागत नाही. पण गाडीचं दार म्हणजे शेत थोडंच आहे, असं वाटलं.

जुन्या बाजारातला डबा आठशे, मजुरी तीनशे. दीड तासात काम झालं.

परतीच्या वाटेवर काच चार वेळा वर-खाली केली. चांगली चालत होती. मला मात्र एकच गोष्ट डोक्यातून जाईना. मीटर नसता तरी चाललं असतं. बॅटरीची वायर काढायला दहा नंबरचा पाना लागतो, तो माझ्या घरी आहे. रात्री आपल्या हातानं दिवे बघायचे, वायर काढून ठेवायची, सकाळी लावून बघायचं. गाडी लागली तर चोर गाडीतच आहे, नाही लागली तर बॅटरी गेली. दोन रात्रींचं काम. ते मी एक वर्ष केलं नाही. काहून केलं नाही?

वेळ नव्हता म्हणावं तर तेही खरं नाही. खरं कारण लिहायला लाज वाटते, पण लिहायला बसलोच आहे तर लिहितो. त्या वर्षी गाडी सरपंचाच्या पोराच्या हाती असती तर पहिल्याच आठवड्यात मी वायरिंगवाल्याकडं गेलो असतो. "तुम्ही लाईट सुरू ठेवला असंल" हे माझ्या तोंडून निघालंच नसतं. हा पोरगा विधवेचा, रोजीवरचा, "नाही जी" म्हणून गप्प राहणारा. त्याच्यावर आळ घ्यायला पाना लागत नव्हता, पैसे लागत नव्हते. संशय मला प्रत्येकावर येऊ शकतो, येतोही. पण तो बसतो कोणावर, हे आधीच ठरलेलं असते.

त्याच २०२१ च्या ऑगस्टमध्ये आमच्याच जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला, जादूटोणा करतात या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना, बायांना चौकात बांधून मारलं. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. ती बातमी मी पेपरात वाचली होती आणि म्हटलं होतं, काय अडाणी लोक, कुठल्या जगात राहतात. तेव्हा माझ्या वाक्याला दोन-तीन आठवडेही झाले नव्हते. मी कोणाला बांधलं नाही, मारलं नाही, दोन गोष्टी एका मापाच्या नाहीत, हे मलाही कळते. तरी सुरुवात कुठून होते ते बघा. गाय आटते, लेकरू सुकते, बॅटरी उतरते. कारण डोळ्यांना दिसत नाही. आणि न दिसणारं कारण घेऊन रात्री झोप येत नाही. मग दिसणारा माणूस धरायचा. तोही असा, की ज्याच्या मागं कोणी नाही.

वाघाचंही सांगतो. आमच्या भागात वाघानं माणूस मारला की लोक म्हणतात, धरा वाघाला, मारा. पण वन खातं दिसेल तो वाघ धरत नाही. कॅमेरे लावते, फोटो काढते, अंगावरचे पट्टे जुळवते. एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात. २०२२ च्या ऑक्टोबरात वडसा भागात सीटी-१ नावाचा वाघ बेशुद्ध करून धरला, त्याआधी कितीतरी दिवस त्याचा माग काढणं चाललं होतं. लोक चिडले होते, मीही चिडलो होतो, उशीर काहून करता म्हणून. माणसं मारणाऱ्या जनावराला एवढी चौकशी मिळाली. त्या पोराला मी दोन रात्रीही दिल्या नव्हत्या.

आता प्रश्न उरला तो चूक परत कशी घ्यायची. मी आधी ठरवलं होतं की त्याच्या मायकडं जायचं, चार चांगले शब्द बोलायचे, त्याला फोन लावायचा. घरची म्हणाली, "बोलले होते गावासमोर आन् आता कानात सांगता का?" हे बरोबर होतं. मला ते आवडलं नाही, पण बरोबर होतं.

त्या वर्षी १५ ऑगस्टला स्वातंत्र्याची ७५ वर्षं झाली होती. घरोघरी तिरंगा होता. झेंडावंदन झालं, शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा बसली. घरकुलाची यादी, पांदण रस्ता, हातपंप, तेच विषय, तीच भांडणं. शेवटी ऐनवेळचे विषय म्हटल्यावर मी हात वर केला. वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. पाय कापत होते. गाडीच्या दाराची भोकं मी बुजवली, त्यानं पाणी साचलं, त्यानं बॅटरी उतरली, त्या रात्री पोराचा काही दोष नव्हता, दोष माझा होता आणि मी त्याचं नाव घेतलं, एवढं सांगितलं. काही जण हसले. एक जण म्हणाला, "काचेच्या मोटारीसाठी गरामसभा आहे का वो?" सरपंच म्हणाले, ठरावात हे कसं लिहायचं? मी म्हटलं, लिहू नका, आयकलं तरी झालं.

ज्या बाईला मण्यार चावला होता, तिचा नवरा उठला. बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "मंग आमी साल भर त्याच्यासंग बोललो नाही, त्याचं काय करायचं?" कोणाजवळच उत्तर नव्हतं. मी त्याच्याकडं बघू शकलो नाही. एका पोराचा माझ्याकडून झालेला अन्याय मी मोजत होतो. या घराला मी खोटं वैर दिलं होतं, हे त्या क्षणापर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

पोराची माय बायांच्या घोळक्यात बसली होती. सभा सुटल्यावर मी तिच्यापुढं गेलो, हात जोडले. ती म्हणाली, "मले काहून सांगता जी? मले तं पयल्या दिवसापासून मालूम होतं." आणि पदर झटकून रोवण्याला निघून गेली. दुपारचा अर्धा रोज बुडाला असता तिचा.

संध्याकाळी फोन लावला. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता. मी पाठ करून ठेवलेलं सारं विसरलो, नुसतं म्हटलं की दाराच्या आतला डबा ओला होत होता, तुझी चूक नव्हती, गावासमोर सांगितलं. तो हो जी, हो जी म्हणत राहिला. ट्रॅक्टर बंद केला असावा, आवाज थांबला. मग त्यानं विचारलं, "बाई बरी आहे का जी?"

"बरी आहे. रोवण्याला जाते."

"आन् बाकीच्या तीन दाराचे भोकं?"

ते मी मोकळे केलेच नव्हते. एकाच दाराचे केले होते. मी तसं सांगितलं.

"मंग ते करून घ्या काकाजी आधी," तो म्हणाला. "मागच्या दारात बी वाजत होतं."